१८ वरून ९४

घरचं नेट संथ झालं म्हणून एका तंत्रज्ञाला बोलावलं आणि चांगला राउटर त्याच्या हवाली करून, पैसे मोजून, त्याहून हलका राउटर घेतला. सांगायला लाज वाटते, पण त्याची युक्ती इतकी साधी आहे की कुणाच्याही घरी खपून जाईल.

प्लॅन ३०० एमबीपीएसचा (एमबीपीएस म्हणजे नेटच्या वेगाचं माप). काही महिन्यांपूर्वी राउटर दुसऱ्या भिंतीवर हलवला, तेव्हा फायबरच्या डब्यापासूनची नवी केबल याच माणसाने टाकून दिली होती. रडगाणं तेव्हापासूनच सुरू झालं, हे मात्र मला फार उशिरा सुचलं.

तो आला आणि थेट आतल्या खोलीत गेला. माझ्याच फोनवर स्पीड टेस्ट लावली. १८. "साहेब, राउटर जुना झालाय, लोड घेत नाही." पिशवीतून चार अँटेनांचा नवा राउटर निघाला, खोक्यावर ठळक '१२००'. जोडीला आतल्या खोलीसाठी एक बूस्टर. सगळं लावून झाल्यावर मला बाहेरच्या खोलीत, राउटरच्या अगदी पुढ्यात उभं केलं आणि पुन्हा टेस्ट. ९४! मी रोख पैसे दिले, बिल मागितलं नाही, वर आभार मानले. जुना राउटर तो "भंगारातच जाणार ना" म्हणत घेऊन गेला.

पहिली टेस्ट दोन भिंतींपलीकडे, २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वाय-फायच्या लांब पोचणाऱ्या पण संथ पट्ट्यावर. दुसरी राउटरला खेटून, ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान पट्ट्यावर. जुन्या राउटरपुढे उभा राहिलो असतो तरी ९४ च आले असते. आधीची आणि नंतरची टेस्ट एकाच जागी, एकाच फोनवर करायची, आणि जमलं तर लॅपटॉपला केबल लावून, एवढं साधं मला सुचलं नाही.

खोड सापडली ती भाचीला, तीही फोनवर. "मामा, जास्तीत जास्त किती येतो?" ९४. "कधी ११०? १३०?" कधीच नाही. "मग हे वाय-फाय नाही. वाय-फायचा आकडा वरखाली होतो. तो रोज एकाच ठिकाणी अडतोय म्हणजे वाटेत कुठेतरी १०० चं काहीतरी बसलंय." १०० एमबीपीएसच्या जोडणीतून हातात साधारण ९४-९५ च पडतात, हे मला तेव्हा कळलं.

खोका पुन्हा काढला. मागे बारीक अक्षरांत पोर्ट, म्हणजे केबल खुपसायची भोकं: १०/१००. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा, असता तर पुढे १००० असतं. ते १२०० म्हणजे वाय-फायच्या दोन पट्ट्यांचे, ३०० आणि ८६७, कागदावरचे आकडे जोडून वर ढकललेले. नेट आत येतं ते त्या १०० च्या भोकातूनच.

मग केबल पाहिली. प्लग पारदर्शक असतो, नुसतं उजेडात धरायचं. आठ तारांच्या जागी चारच बसवलेल्या; निळी आणि तपकिरी जोडी दोन्ही टोकांना कापलेली. गिगाबिटला आठही तारा लागतात. चारच असल्या की जोडणी गुपचूप १०० वर उतरते, कुठे लाल दिवा नाही की सूचना नाही. हे त्याने मुद्दाम केलं की कंटाळा केला, देव जाणे.

फोन केला तर म्हणे, "चार तारांवर पण नेट चालतंच ना, साहेब." सामान परत घ्यायला नकार. बूस्टरमुळे आतल्या खोलीत सिग्नलच्या दांड्या तेवढ्या भरल्या, वेग जेमतेम हलला. बूस्टरने एकाच रेडिओवर राउटरचं ऐकायचं आणि त्यावरच पुढे बोलायचं, त्यात निम्मा वेग तिथेच जातो. तो काढून ठेवला.

आठ तारांची केबल टाकून घेतली. आकडा तरीही ९४, कारण आता नवा राउटर आडवा येतो. जुन्याचं बिल कपाटात सापडलं. त्याचे सगळे पोर्ट गिगाबिट होते.