रात्रीचा जॉब रखडतोय: लॉक शोधावा, प्लॅन बघावा की मशीन वाढवावं?

नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या गोदामांचा स्टॉक जॉब, म्हणजे साठ्याच्या हिशोबाचं रात्री आपोआप चालणारं डेटाबेसचं काम, पहाटे गाड्या लागायच्या आत संपला नाही, की ऐरोली-महाप्यातल्या टीमकडे पहिली मागणी येते ती मोठ्या सर्व्हरची. पैसे टाकण्याआधी एवढं तरी बघा, की जॉब काम करतोय की नुसता थांबून राहिलाय. इथे पोस्टग्रेस हा डेटाबेस धरून लिहितोय.

थांबलाय का, हे सगळ्यात स्वस्तात कळतं. जॉब चालू असताना पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (डेटाबेसला जोडलेली सेशन्स दाखवणारी यादी) उघडा आणि वेट_इव्हेंट_टाइपचा रकाना वाचा. तिथे 'लॉक' असेल, म्हणजे दुसऱ्याने धरून ठेवलेल्या डेटासाठी जॉब थांबलाय, तर पीजी_ब्लॉकिंग_पिड्स हे फंक्शन अडवणारं सेशन दाखवतं. अडचण एवढीच, की सकाळी बघायला गेलात तर मागमूस उरत नाही. त्यासाठी लॉग_लॉक_वेट्स हे लॉकसाठी थांबल्याची नोंद ठेवणारं सेटिंग आधीपासून चालू हवं.

प्लॅन, म्हणजे क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालवायची याचा डेटाबेसने ठरवलेला मार्ग, बघायला वेळ लागतो. पण कालपर्यंत नीट चालणारा जॉब आज अचानक अडकला आणि लॉक नसेल, तर मी इथेच जाईन. टेम्पररी टेबलं, म्हणजे जॉबने तेवढ्यापुरती बनवलेली टेबलं, आधी तपासा. जॉब त्यात लाखो ओळी भरतो आणि लगेच दुसऱ्या टेबलांशी जॉइन लावतो. टेबलांची आकडेवारी आपोआप ताजी करणारं ऑटोव्हॅक्यूम टेम्पररी टेबलांना हात लावत नाही, त्यामुळे प्लॅनर (प्लॅन ठरवणारा डेटाबेसचा भाग) ओळींची संख्या टेबलाच्या आकारावरून ताडतो आणि रकान्यातल्या किमतींबद्दल ढोबळ गृहीतकांवर चालतो. डेटा थोडा वाढला की प्लॅन पालटू शकतो. एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये (क्वेरीचा प्लॅन आणि प्रत्यक्ष आकडे दाखवणारी कमांड) अंदाज शेकड्यांत, प्रत्यक्ष ओळी लाखांत आणि वर नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्यात पुन्हा शोध) दिसला, तर भरणा संपल्यावर त्या टेबलावर आकडेवारी ताजी करणारं ॲनालाइझ चालवा. मग पुन्हा मोजा. जपून मात्र: एक्सप्लेन ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवतं. अपडेट किंवा डिलीट असेल तर आधी बिगिन, नंतर रोलबॅक, म्हणजे झालेले बदल मागे घेतले जातात. रात्री जागायचं नसेल तर ऑटो_एक्सप्लेन लावा. ठरवलेल्या वेळेपेक्षा लांबलेल्या क्वेरीचा प्लॅन लॉगमध्ये पडतो.

मशीन वाढवणं सोपं, पण खर्च दर महिन्याचा, आणि लॉक त्याने सुटत नाही. वेळ महिन्यामहिन्याने वाढत गेलाय, प्लॅन तोच आहे, सीपीयू किंवा डिस्क सतत भरलेली आहे, तर जरूर वाढवा. त्याआधी प्लॅनमध्ये 'एक्सटर्नल मर्ज' आणि पुढे 'डिस्क' दिसतंय का बघा. वर्क_मेम, म्हणजे सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी, मुळात फक्त 4 एमबी असतं. सॉर्ट त्यात मावला नाही की डिस्कवर जातो. ते सगळ्या सर्व्हरला न वाढवता त्या जॉबच्या सेशनपुरतंच वाढवा.