ओवा की हिंग, आलं की हळद? पावसाळ्यासाठी औषधाच्या डब्यात नेमकं काय ठेवायचं

मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे गोव्यातल्या पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी सुरू झाली की सुकी मासळी, सोलां (वाळवलेलं कोकम), मिरच्या, चिंच हे सगळं ठरलेलंच असतं, त्यात कुणाचा वाद नाही. वाद सुरू होतो तो मसाल्याच्या डब्याशेजारच्या त्या दुसऱ्या डब्यावरून, पोट दुखलं, घसा बसला, अंगावर पित्त उठलं की जो उघडायचा. सासूबाई म्हणणार हिंग पाहिजेच, आई म्हणणार ओवा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे काका रोज सकाळी हळदीच्या दुधाचे मेसेज टाकणार, आणि पुण्याला नोकरी करणारी भाची विचारणार की मावशी नेमकं काय काय घेऊन जाऊ, बॅगेत जागा नाहीये. तर हे तिच्यासारख्यांसाठी लिहितेय, ज्यांना सगळं नकोय, निवडून दोन-चार वस्तू ठेवायच्यात.

मी निवडताना दोन गोष्टी बघते. एक म्हणजे ती वस्तू आपल्याकडच्या पावसाळ्यात टिकते का, कारण जून ते सप्टेंबर गोव्यात कपाटातली चामड्याची पर्ससुद्धा हिरवी होते तिथे पूड केलेल्या मसाल्याचं काय घेऊन बसलात. दुसरं, घेणारा माणूस कोण आहे, म्हणजे तान्हं बाळ, गरोदर बाई, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेले आजोबा, की धडधाकट तरुण. एकाला चालतं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही, आणि नेमकं हेच त्या मेसेजमध्ये कधी लिहिलेलं नसतं.

पोट फुगलं तर: ओवा की हिंग

माझं मत आधीच सांगून टाकते, ओवा. अर्धा चमचा ओवा, चिमूटभर मीठ, चावून वर कोमट पाणी, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि त्यामागे थोडं रसायनशास्त्र पण आहे, ओव्याच्या सुगंधी तेलात साधारण ३५ ते ६० टक्के थायमॉल असतं आणि चावल्यावर जी जीभ चुरचुरते ती त्याचीच. हेच थायमॉल पाश्चात्त्य देशांतल्या माउथवॉशमध्ये पण घालतात. आणि ओव्याची दुसरी नोकरी अशी की नाक चोंदलं की तो तव्यावर गरम करून फडक्यात बांधून हुंगायचा, म्हणजे एकाच बाटलीत दोन औषधं. दाणा अख्खा असतो त्यामुळे घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत पावसाळाभर आरामात राहतो. फक्त ज्यांना अल्सर आहे किंवा छातीत जळजळ होते त्यांनी ओव्याच्या नादी लागू नये, तो आणखी जाळतो.

हिंगाची बाजू अशी की तो आधी वापरायचा असतो, ओवा नंतर. चवळीची उसळ, हरभऱ्याची आमटी, काहीही वातूळ शिजवताना फोडणीत हिंग पडला की मुळात पोट फुगायची पाळी कमी येते असा आपला अनुभव, म्हणून हिंग हवा तो फोडणीच्या डब्यात, औषधाच्या डब्यात नसला तरी फारसं बिघडत नाही. आणि आपण ज्याला हिंग म्हणतो तो बहुतेक वेळा बांधणीचा हिंग असतो, म्हणजे खऱ्या हिंगाच्या चिकात पीठ आणि डिंक मिसळलेला, त्यामुळे ज्यांना गव्हाचं चालत नाही त्यांनी पाकिटावर गव्हाचं पीठ लिहिलंय का ते वाचा. खरा हिंग आपल्याकडे पिकतच नव्हता, इराण-अफगाणिस्तानातून यायचा आणि अजूनही मुख्यतः बाहेरूनच येतो, हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात त्याची पहिली लागवड झाली ती २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे अगदी कालपरवा. गंमत म्हणजे पणजीत चर्चजवळ ज्याच्या नावाची बाग आहे त्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली इथे गोव्यातच छापलेल्या औषधांवरच्या पुस्तकात हिंगावर भरभरून लिहिलंय, म्हणजे वास नकोसा वाटला तरी लोकांचा त्यावरचा विश्वास तेव्हाही पक्का होता.

एका ठिकाणी मात्र हिंगच, ओवा नाही, ते म्हणजे तान्ह्या बाळाचं पोट दुखणं. हिंग पाण्यात कालवून बेंबीच्या भोवती लावायचा, बेंबीत नाही आणि नाळ पडून जागा सुकलेली असेल तरच. पोटात मात्र द्यायचा नाही, बाळगुटीत घालून तर अजिबात नाही, कारण लहान बाळाच्या रक्तात त्याने प्राणवायू वाहून नेण्यात गडबड झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. गरोदरपणी जेवणातला हिंग-ओवा चालतो, औषध म्हणून चमचे-चमचे दोन्ही नको.

घसा, खोकला, मळमळ: आलं की सुंठ

लोक समजतात सुंठ म्हणजे वाळवलेलं आलं, संपलं. तसं नाहीये. ओल्या आल्यात जिंजेरॉल जास्त असतं, वाळताना त्यातलं काही बदलून शोगाओल बनतं जे जास्त जहाल असतं, म्हणून सुंठ कमी लागते आणि जास्त झोंबते. घसा खवखवतोय, आवाज बसलाय, तर ताज्या आल्याचा रस आणि मध बरा, सौम्य पडतो. गाडीत मळमळतं, चोर्ला घाटाची वळणं सुरू झाली की ज्यांना खिडकी उघडावी लागते, त्यांनी सुंठीची पूड बरोबर ठेवावी, चिमूटभर चाटता येते, चिरत बसावं लागत नाही. गरोदरपणातल्या मळमळीवर आल्याचा बऱ्यापैकी अभ्यास झालाय, त्यात दिवसाला साधारण १ ग्रॅम सुंठ पूड विभागून दिलेली होती आणि फरक पडला, तरी आपल्या डॉक्टरणीला विचारूनच घ्या. ज्यांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी चहातल्या आल्याला घाबरू नये, पण रोज काढ्याचे ग्लास नको.

टिकण्यात मात्र दोन्हींची बोंब आहे. ओलं आलं पावसात चार दिवसांत मऊ पडतं आणि बुरशी धरतं, सुंठीला बारीक किडे लागतात, वरून ठीक दिसते आणि फोडली की आत पीठ. मी सुंठ अख्खी आणते, उन्हात परत तापवते आणि लागेल तेवढीच कुटते. फोंड्याकडे कुणाचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, ओळखीचं असेल तर मिरी तिथूनच घ्या, पोफळीवर चढवलेल्या वेलीची घरची मिरी आणि बाजारातली हलकी पोकळ मिरी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, पाण्यात टाकून बघा, तरंगते ती पोकळ. खोकल्यावर मिरी-मध चाटणं हे आपलं जुनंच, पण खरं सांगायचं तर त्यात जास्त काम मध करतो, एक वर्षाच्या वरच्या मुलांच्या खोकल्याला रात्री चमचाभर मध दिला तर आराम पडतो हे डॉक्टरसुद्धा मानतात. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोट बुडवूनसुद्धा नाही, त्यातल्या जंतूंमुळे बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. तुळशीबद्दल काय बोलणार, ती दारातच आहे, डब्यात ठेवायची गरजच नाही.

हळद: लावायची की प्यायची

इथे मी थोडी वाईट होणार आहे. हळद पिण्याचं जे वेड आलंय ते मला पटत नाही. कुर्क्युमिन, म्हणजे हळदीतला तो पिवळा घटक ज्याच्या जोरावर सगळे दावे होतात, ते हळदीत असतं साधारण तीन टक्के, म्हणजे ३ ग्रॅमचा भरलेला चमचा घातला तरी शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, आणि संशोधनात लोकांना दिलेलं असतं ते त्याच्या कितीतरी पट. वर ते शरीरात शोषलंच जात नाही नीट. १९९८ सालच्या बेंगळुरूच्या एका अभ्यासात मिरीतल्या पायपेरिनबरोबर दिल्यावर माणसांत त्याचं शोषण वीस पट वाढलेलं दिसलं, तेव्हापासून सगळ्यांनी हळदीत मिरी घालायला सुरुवात केली. ठीक आहे, घाला, दूध-तूप पण घाला, गरम दुधाने घशाला बरं वाटतंच. पण हेच शहाणपण वापरून ज्या जास्त ताकदीच्या कुर्क्युमिन-पायपेरिनच्या कॅप्सूल विकतात त्या खाऊन लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस इटली आणि अमेरिकेत सापडल्यात, तेव्हा स्वयंपाकातली हळद आणि बाटलीतली कॅप्सूल एकच समजू नका.

लोक मग पेटंटचं उदाहरण देतात. अमेरिकेत १९९५ साली जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं, आपल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने, त्याविरुद्ध लढा दिला आणि १९९७ साली ते रद्द झालं, तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते आपल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर, त्यामुळे गोंयकाराला याचा जरा जास्तच अभिमान. असायलाच पाहिजे. पण ते पेटंट रद्द झालं ते ही गोष्ट भारतात आधीपासून माहीत होती म्हणून, हळद प्यायल्याने सगळे आजार जातात असं तिथे कुणी सिद्ध केलं नाही, विषय जखमेचा होता. आणि जखमेवर हळद हा आपला जुना उपयोग खरोखर आहे, बोट कापलं, रक्त थांबत नाही, हळद दाबून धरली. फक्त जखम खोल असेल किंवा गंज लागलेल्या पत्र्याने कापलं असेल तर धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला जा, पूड चोपडून बसू नका.

शिवाय पिवळी धमक दिसावी म्हणून हळकुंडांना शिशाचा रंग, लेड क्रोमेट, चोळल्याचे प्रकार भारतात आणि बांगलादेशात पकडले गेलेत, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला वाईट. त्यामुळे सुटी पूड अजिबात नको. ओळखीच्या माणसाची अख्खी, मातकट दिसणारी हळकुंडं घेऊन दळून आणा, लखलखीत दिसली की उलट सावध व्हा. आणि ओल्या हळदीची पानं परसात असतील तर श्रावणात पातोळ्या करा, औषध नसलं तरी चालेल.

पित्त: सोलां की कसाय

हे दोन्ही आपले, आणि दोन्ही पित्ताला म्हणून दिले जातात, पण दोन वेगळ्या पित्तांना. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली तर सोलां पाण्यात भिजवून ते पाणी अंगाला लावायचं, थंड वाटतं, थोडं पोटात पण घेतात. पण ओठ सुजले, श्वास लागला तर सोलां राहू दे, सरळ हॉस्पिटल. मासे-भाताचं जड जेवण झाल्यावर सोलकढी किंवा नारळाशिवायची फुटी कढी, हे तर सांगायलाच नको. अडचण एवढीच की कोकम स्वतः चांगलंच आंबट आहे, त्यामुळे ज्यांचं पित्त म्हणजे घशाशी येणारं आंबट पाणी आहे, रात्री आडवं झालं की जळजळ, त्यांना त्याने उलट त्रास होऊ शकतो. आणि आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ भरपूर, बीपीवाल्यांनी बघून घ्या, सरबताच्या बाटलीत साखर भरपूर, शुगरवाल्यांनी बघून घ्या. वजन कमी करायच्या गार्सिनिया कॅप्सूल बाजारात आहेत, त्या कोकमाच्या भावकीतल्या मलबारी चिंचेच्या, त्यांनी पण लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत, तर तिकडे जाऊ नका, ताटातलं कोकम पुष्कळ.

जळजळवाल्यांसाठी कसाय. धणे, जिरं, थोडी बडीशेप भाजून भरड करायची, मिरी नावाला एखादी, पाण्यात उकळून गूळ आणि वरून दूध. यात काही चमत्कार नाही, खरा फायदा असा की सकाळी रिकाम्या पोटी जो कडक चहा जातो त्याची जागा हे घेतं, आणि निम्म्या लोकांचं पित्त त्या चहातच असतं असं मला वाटतं. भाजलेली भरड बाटलीत महिनाभर छान राहते, पुण्याला न्यायला तर उत्तमच.

उरलेलं भराभर सांगते. दात दुखला तर लवंग, तेफळ (माशांच्या आमटीत घालतात ते तिरफळ) नाही. तेफळ चावलं की तोंडात मुंग्या येतात हे खरं आणि जुनी माणसं दाताखाली धरायची पण, तरी लवंगेतलं युजेनॉल डेंटिस्टसुद्धा वापरतात, तेफळाची जागा बांगड्याच्या उडदमेथीत. लवंगेचं तेल लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका, पोटात गेलं तर धोक्याचं आहे. जायफळ झोपेसाठी दुधात जरासं उगाळून, तेही मोठ्या माणसाला, अख्खं एक जायफळ खाल्लं तर भ्रम, धडधड, उलट्या होतात, ही थट्टा नाही. मेथी शुगरला थोडी मदत करते पण गोळ्या चालू असताना दोन्ही मिळून शुगर जास्त खाली जाऊ शकते, मोजत राहा. आणि दालचिनी, आपली तिखी, रोज चमचा-चमचा खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा की बाजारातली जाड सालीची बहुतेक कॅसिया असते, तिच्यात कूमारिन जास्त असतं जे रोज घेतलं तर यकृताला बरं नाही, पातळ गुंडाळीची श्रीलंकेची बरी.

भाचीच्या बॅगेत मी भरते ते ओवा, अख्खी सुंठ, कसायाची भरड आणि सोलांची एक पिशवी, लवंगा चार तिच्या मसाल्यात असतातच. यातलं काहीही तापासाठी नाही. पावसाळ्यात ताप आला आणि दोन दिवसांत उतरला नाही, किंवा आल्याआल्याच अंग मोडून आलं, डोळे लाल झाले, तर काढे उकळत बसायचं नाही, डेंगी, मलेरिया, लेप्टो (उंदरांच्या मुतातून पाण्या-चिखलात पसरणारा ताप) तिन्ही आपल्याकडे आहेत आणि लेप्टोत उशीर फार महागात पडतो, विशेषतः जो माणूस शेतात चिखलात उतरून आलाय त्याने डॉक्टरला आधी तेच सांगायचं.