डेलॉसचा ‘रात्रीचा परवाना’ आणि माझे ४,३०,५०० रुपये

ग्रीसमधल्या शिडाच्या बोटीच्या सहलीत ‘डेलॉस बेटावर रात्रीचा मुक्काम’ लिहिलेला दिसला, तर एक रुपयाही भरू नका. डेलॉसवर पर्यटकाला रात्री राहता येत नाही. खासगी बोटीलाही तिथे रात्री नांगर टाकून थांबता येत नाही. पैसे मोजून मिळेल असा परवानाच नसतो.

पुण्यातल्या ट्रॅव्हल एजंटला दिलेले आम्हा दोघांचे ३,७०,०००, त्यावर पाच टक्के टीसीएस (परदेशी सहलीवर एजंटने गोळा करून सरकारकडे भरायचा कर) म्हणून १८,५००, आणि त्या ‘परवान्या’चे ४२,०००. एकूण ४,३०,५०० रुपये. विमानाचं तिकीट आणि व्हिसा वेगळे. सहल सप्टेंबर २०२५ ची होती: अथेन्सजवळच्या आलिमोस मरीनातून (खासगी बोटींच्या बंदरातून) निघायचं, सुनियोचं पोसायडनचं मंदिर, मग किथनोस, डेलॉस, नॅक्सोस ही बेटं.

तो परवाना मला अजून झोपू देत नाही. मी इतिहास शिकवते. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सवाल्यांनी डेलॉसवरची सगळी थडगी उकरून शेजारच्या रिनिया बेटावर हलवली, बेटावर जन्म आणि मृत्यू दोन्ही बंद केले, हे मी वर्गात सांगत आले. म्हणून मी एजंटला सरळ विचारलं होतं, की अशा बेटावर मुक्काम कसा देतात? “ताई, खास परवाना आहे, ग्रुपला मिळतो,” म्हणाला आणि शिक्क्याचा ग्रीक कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. ग्रीक मला वाचता येत नाही. पुण्यात किती जणांना येतं? शिवाय त्याचं ऑफिस होतं, पाटी होती, ओळखीतली दोन कुटुंबं त्याच्याकडून दुबईला जाऊन आली होती. पण परवान्याचे पैसे त्याने फर्मच्या खात्यात न घेता कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर मागितले. हात तिथे थांबायला हवा होता.

आलिमोसला बोट होती. फोटोतलीच, नावही तेच. बोट भाड्याने घेण्याचा करार मात्र दुसऱ्याच कुटुंबाच्या नावावर होता आणि स्किपरकडच्या (बोटीच्या कप्तानाकडच्या) प्रवाशांच्या यादीत आमची नावं नव्हती. ही यादी निघण्याआधी पासपोर्ट नंबरांसह करावी लागते; तुमचा एजंट त्यासाठी नंबर मागत नसेल तर बोट बुक झालीय का याची शंका घ्या. एजंटला फोन केला तर म्हणे मेल्टेमी (तिकडचा उन्हाळ्यातला जोरदार उत्तरी वारा) सुटलाय, सहल रद्द, नैसर्गिक कारण, परतावा नाही. वारा! त्याच दिवशी पिरेयस बंदरातून फेरीबोटी सुटत होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतःच्या खर्चाने डेलॉसशेजारच्या मिकोनोस बेटावर गेलो, तिथून रोजच्या बोटीने डेलॉसला. नॅक्सोसकरांनी वाहिलेले संगमरवरी सिंह पाहिले (उघड्यावर प्रतिकृती आहेत, मूळचे संग्रहालयात). परतीच्या शेवटच्या बोटीआधी पहारेकरी एकेकाला धक्क्याकडे पाठवत होते.

अथेन्सचे पोलीस म्हणाले, पैसे भारतात दिलेत, तिकडे जा. पुण्यातलं ठाणं म्हणालं, प्रकार ग्रीसमध्ये घडला. मी म्हटलं, फसवलं इथे, पैसे घेतले इथे, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम लागतं. तर म्हणे हा दिवाणी वाद आहे, ग्राहक मंचात जा. अर्ज घेतला, पोच द्यायला तीन वेळा बोलावलं. बँकेचं उत्तर तर ठरलेलं: पिन तुम्हीच टाकलात. कागद पाहायलाच कुणी तयार नाही! हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात लिहिलंय, आणि ते मी हवालदाराला वाचून दाखवायचं?

टीसीएससुद्धा सरकारकडे गेलेला नाही. माझ्या २६एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या विवरणात) ते १८,५०० दिसत नाहीत. पावतीवर टॅन नंबर (कर गोळा करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) आहे का ते आधी बघा, आणि टीसीएसचं प्रमाणपत्र मागा. बोटीच्या मालकाला तुम्ही स्वतः मेल करा, करारात तुमचं नाव आहे का विचारा, उत्तर येईपर्यंत पुढचा हप्ता देऊ नका. पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

असा ग्रीक शिक्क्याचा कागद आणखी कुणाला विकला असेल, तर लाजून गप्प बसू नका, लेखी तक्रार द्या. वकील म्हणतात, तक्रारदार वाढले तर आर्थिक गुन्हे शाखेकडे एकत्र जाता येईल. मी माझे सगळे कागद घेऊन यायला तयार आहे.