भांडण मिटवायला मेसेज की समोर बसून बोलणं?

मैत्रीण विचारत होती, आईच्या दवाखान्याच्या खर्चावरून दादाशी वाजलंय, व्हॉट्सअ‍ॅप करू की घरी जाऊन बोलू?

मेसेजचा फायदा म्हणजे शब्द निवडता येतात आणि मध्ये कोणी तोडत नाही, पण सूर पोचत नाही ना, "ठीक आहे" एवढंच लिहिलं तरी समोरच्याला तुटक वाटतं आणि मग तो स्क्रीनशॉट वहिनीला, मावशीला, सगळीकडे. एडिट करायला फक्त 15 मिनिटं मिळतात, तोवर त्याने वाचलेलं असतं.

समोर बसायला वेळ काढावा लागतो, हिंमतही लागते, आवाज चढू शकतो. जॉन गॉटमन हे नात्यांचे अभ्यासक सांगतात की डोकं तापलं की निदान 20 मिनिटं थांबा, मग बोला. आणि सुरुवात "तू कधीच पैसे देत नाहीस"ने नको, "दादा, मला एकटीला झेपत नाहीये रे" म्हण, ऐकणारा लगेच बचावात जात नाही. मला हेच जास्त टिकाऊ वाटतं.

हिशोब, बिलं, तारखा मेसेजवर टाक. मन दुखलं असेल तर घरी जा. तो परदेशात असता तर व्हिडिओ कॉल. आणि बोलताना तो हात उगारणारा किंवा धमकावणारा असेल तर एकटी जाऊ नकोस, लेखीच बरं.