ग्रीनलीफचं बाहुलीघर: बाहेरच्या भिंती, छत आणि पेटीत नसलेलं सामान

ग्रीनलीफ या अमेरिकन कंपनीचं बाहुलीघराचं किट बहुतेक जण पेटीवरचं चित्र बघून घेतात. त्या चित्रात जे मनात भरतं ते जवळजवळ सगळं बाहेरचं काम असतं: आडव्या फळ्यांच्या भिंती, लाकडी शिंगलचं, म्हणजे एकावर एक चढवलेल्या पातळ लाकडी पट्ट्यांचं छत, व्हरांड्याची नक्षी, दोन-तीन रंगांत उठून दिसणाऱ्या खिडक्या. पेटी उघडल्यावर हातात येतात ते १/८ इंची, म्हणजे साधारण ३ मिमी प्लायचे ताव. प्रमाण १:१२, एका फुटाला एक इंच. भाग डाय-कट, म्हणजे साच्याच्या पात्याने तावात आधीच कापलेले, एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून जोडायचे. रंग, प्रायमर, गोंद आपला आपण आणायचा.

माझं मत आधीच सांगतो. व्हिक्टोरियन धाटणीचं, कोनाकोपऱ्यांचं घर या पद्धतीच्या किटमध्ये जितकं छान उभं राहतं तितकं जाड भिंतींच्या किटमध्ये राहत नाही, म्हणून पैसे वसूल आहेत. पण बाहेरचं फिनिशिंग पूर्णपणे पेटीतल्या सामानावर सोडू नये. भिंती आणि छताचा सांगाडा उत्तम. शिंगल बऱ्याच मॉडेलांत मिळतात आणि त्या वापरण्याजोग्या असतात. बारीक नक्षी जपून हाताळावी लागते, आणि फळ्यांचं आवरण वेगळं आणलेलं बरं. या सगळ्या कामात बिघडतं ते बहुधा पाण्यामुळे. ३ मिमी प्लायच्या एका बाजूला ओलावा बसला की तो भाग धनुष्यासारखा वाकतो, आणि पांढरा गोंद, ॲक्रिलिक रंग, वॉटर-बेस प्रायमर या सगळ्यांत पाणीच असतं.

सुरुवात तावातून भाग सोडवण्यापासून. डाय-कटमध्ये पातं एका बाजूने दाबून आत शिरतं, त्यामुळे ती बाजू स्वच्छ असते आणि मागच्या बाजूला काड्या निघतात. भाग बोटाने ढकलून काढला की मागच्या थराचा पातळ पापुद्रा सोबत उपटून येतो. ताव उलटा करून मागच्या कापरेषेवरून धारदार कटर एकदा फिरवावा, मगच भाग सोडवावा. व्हरांड्याची जाळी, कठड्याचे खांब, छताखालची नक्षी अशा नाजूक भागांच्या मागे आधी मास्किंग टेप लावावी. टेप काढताना लाकडाच्या रेषांच्या दिशेने ओढावी, आडवी ओढली तर नक्षीच तुटते. कडा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्यांवर पाणी मिसळून पातळ केलेला पांढरा गोंद बोटाने चोळावा आणि वाळल्यावर पुन्हा हलकं घासावं. हे टाळलं तर रंगाचे तीन हात दिले तरी कडा केसाळच दिसतात.

मग कोरी जुळणी. गोंद न लावता पूर्ण घर मास्किंग टेपने उभं करायचं, प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून बघायचा आणि कोणती बाजू बाहेर येणार ते पेन्सिलीने लिहायचं. प्लायचा एक चेहरा दुसऱ्यापेक्षा बरा असतो; तो बाहेर ठेवावा, पण फळ्या चढणार असतील तर तो आत जाऊ द्या, आतल्या वॉलपेपरला उपयोगी पडतो.

प्रायमर दोन्ही बाजूंना, एकाच बैठकीत. एक बाजू आज, दुसरी उद्या असं केलं की भिंत आजच वाकते. ऑइल-बेस वूड प्रायमर किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख इथे वॉटर-बेसपेक्षा कितीतरी बरी, कारण लाकडाचे तंतू फुगत नाहीत. फक्त जिभा आणि खाचा टेपने झाकून कोऱ्या ठेवा. पांढरा गोंद लाकडात मुरून धरतो. प्रायमरवर तो नुसता सुकतो आणि जोराने दाबलं की सुटतो. कोकणात किंवा मुंबईत हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत गोंद वाळायला जास्त वेळ लागतो, तोवर भाग हलतो.

आता फळ्या. बाजारात मिळणारं हाउसवर्क्स कंपनीचं बासवुड या मऊ, हलक्या लाकडाचं क्लॅपबोर्ड, म्हणजे आडव्या फळ्यांचं तयार आवरण, साडेतीन इंच रुंद आणि २४ इंच लांब पट्टीत येतं. एका पट्टीचं क्षेत्रफळ ८४ चौरस इंच. घराच्या तीन बाहेरच्या बाजू मिळून ८ चौरस फूट भरत असतील तर ११५२ भागिले ८४, म्हणजे १४ पट्ट्या. त्यात कापकुपीचे दोन धरून १६ मागवाव्या. खिडक्या-दारांचं क्षेत्र वजा करू नये, त्यातून निघालेले तुकडे क्वचितच कुठे बसतात. फळीची दिसणारी रुंदी निवडताना खऱ्या घराचा हिशोब करा. अर्ध्या इंचाची फळी म्हणजे खऱ्या घरावर ६ इंच, ३/८ इंचाची म्हणजे साडेचार. जुन्या अमेरिकन लाकडी घरांवर ४ इंचांच्या आसपासची फळी खूप दिसते, म्हणून ३/८ जास्त खरी वाटते. अर्धा इंच घेतली तर काम सोपं होतं, पण लहान घर उगाच बुटकं दिसतं.

लावण्याचा क्रम नेमका ठेवा. आधी कोपऱ्यांच्या उभ्या पट्ट्या, मग खिडकी-दारांच्या चौकटी, आणि शेवटी त्यांच्यामध्ये फळ्या. फळ्या आधी लावून त्यांवर चौकट ठेवली तर प्रत्येक फळीच्या उतारामुळे चौकटीखाली त्रिकोणी फटी राहतात, आणि त्या पुट्टीने भरल्या तरी उन्हात डोळ्यांत येतात. कोपऱ्याची पट्टी फळीपेक्षा जाड हवी: फळी दीड मिमी असेल तर पट्टी ३ मिमी. पायापासून वर सारख्या अंतराने खुणा केलेली एक लाकडी पट्टी बनवा आणि त्याच खुणा घराच्या प्रत्येक कोपऱ्यावर उतरवा. समोरच्या भिंतीवरची सातवी ओळ कोपरा वळून बाजूच्या भिंतीवर सातव्याच उंचीला गेली पाहिजे. घर टेबलावर तिरकं उभं असलं तर पाणसळ फसवते, म्हणून मोजमाप नेहमी घराच्या तळापासूनच घ्यावं. पुढे आलेल्या कोनी खिडकीला, म्हणजे बे विंडोला, फळ्यांची टोकं तिरपी घासावी लागतात. तिथे आधी जाड कागदाचं माप कापून बसवून बघा, लाकूड नंतर कापा.

चिकटवायला पांढरा गोंद वापरायचाच असेल तर पातळ नागमोडी रेघ, आणि वर सपाट वजन रात्रभर. पूर्ण पाठीवर गोंद पसरला की पट्टी ओलावा शोषून दोन्ही कडांनी वर उचलली जाते. त्यापेक्षा कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह चांगलं. आपल्याकडे फेविकॉल एसआर ९९८ त्या जातीचं आहे. दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग जोडायचं. हे एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून मध्ये बटर पेपर ठेवून फळी जागेवर आणावी आणि कागद हळूहळू ओढून घ्यावा. खिडक्या उघड्या ठेवून काम करा, वास डोक्यात जातो.

भारतात बासवुड मिळवणं कटकटीचं असेल तर १ मिमी माउंटबोर्डच्या, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या हा चांगला पर्याय आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास किंवा पुण्यात आप्पा बळवंत चौकात तो सहज मिळतो. १३ मिमीच्या पट्ट्या कापा, खालच्या पट्टीवर ३.५ मिमी चढवा, साडेनऊ मिमी उघडी राहील. ती ३/८ इंचाच्या जवळपास येते. पट्ट्या लावण्याआधी दोन्ही बाजूंना लाखेचा हात हवाच, नाहीतर रंगाच्या पहिल्याच हाताला पुठ्ठा फुगतो.

खिडक्यांच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. तयार, उघडझाप होणाऱ्या खिडक्या किटमधल्यांपेक्षा सुंदर दिसतात, पण त्या बहुतेक जाड भिंतींसाठी बनवलेल्या असतात. हाउसवर्क्सच्या नेहमीच्या दुहेरी सरक खिडकीला २ ९/१६ बाय ५ १/१६ इंचाचं भोक लागतं आणि चौकटीची खोली ३ मिमी भिंतीत मावत नाही, आत पुढे येते. एकतर आतून त्या जाडीची पट्टी चौकटीभोवती फिरवा, नाहीतर चौकट मागून घासा. नवीन भोक पाडण्याआधी शेजारची खिडकी, मजल्याची फळी आणि जिना कुठे येतो ते बघून घ्या. पारदर्शक प्लास्टिकच्या काचेजवळ फेविक्विकसारखा झटपट गोंद कधीही आणू नका. त्याच्या वाफेने काच धुरकट पांढरी होते आणि ती पुसून जात नाही. काच सगळ्यात शेवटी, रंग पूर्ण वाळल्यावर.

छत. मॅन्सार्ड, म्हणजे खाली उभ्या आणि वर सपाट अशा दुहेरी उताराच्या छताच्या मॉडेलांत, बीकन हिल हे त्यांतलं नावाजलेलं, छताचा खालचा भाग इतका उभा असतो की समोरून बघणाऱ्याला तो भिंतीइतकाच दिसतो. तिथली एक वाकडी ओळही लपत नाही. खऱ्या १६ इंची देवदार शिंगलचा छतावर ५ इंच भाग उघडा राहतो. १:१२ ला तो सुमारे साडेदहा मिमी. बाहुलीघरांवर मात्र सर्रास १ इंच उघडा ठेवला जातो, म्हणजे खऱ्या मापाने पूर्ण एक फूट. पाऊण इंच रुंद शिंगल १ इंच उघडी ठेवली तर चौरस फुटाला १९२ लागतात. अर्धा इंच उघडी ठेवली तर बरोबर दुप्पट. खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात, पण उभ्या मॅन्सार्डवर मी अर्ध्या इंचाचाच आग्रह धरेन. वरच्या, नजरेआड जाणाऱ्या सपाट भागावर १ इंच खुशाल ठेवा. एकूण आकड्यावर १० टक्के वाढवा, शिवाय वळचणीची पहिली ओळ दुहेरी असते तिचं वेगळं मोजा.

आईसक्रीमच्या काड्या कापून शिंगल करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. २ मिमी जाडीची काडी म्हणजे खऱ्या घरावर २४ मिमी जाड फळी. छत जड, ढोबळ दिसतं. प्लायवुडच्या दुकानात उरलेले व्हिनियरचे तुकडे मागा. ते पातळ असतात आणि कात्रीने कापता येतात.

शिंगल लावण्याआधी रंगवायच्या. लावून झाल्यावर स्टेन दिलं तर जिथे गोंद बाहेर आला तिथे ते मुरत नाही आणि फिकट डाग राहतात. जुनं, राखाडी छत हवं असेल तर अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये लोखंडी स्टील वूलचा एक गोळा दिवसभर भिजत ठेवा, झाकण सैल ठेवून. भांडी घासायची स्टेनलेस घासणी चालत नाही, ती गंजत नाही. हे पाणी लाकडातल्या टॅनिनशी जुळून रंग देतं. देवदारात टॅनिन भरपूर, त्यामुळे तो लगेच काळवंडतो. बर्च आणि बासवुडमध्ये फारच कमी, म्हणून त्यांना आधी कडक कोऱ्या चहाचा हात द्यायचा, वाळवायचं आणि मग व्हिनेगर. नमुना म्हणून चार शिंगलवर करून बघा, रंग वाळल्यावर बराच बदलतो. नंतर वर्तमानपत्रावर पसरून, उलटसुलट करत, शेवटी सपाट वजनाखाली वाळवा.

लावताना छतावर प्रत्येक ओळीसाठी पेन्सिलीची रेघ मारा. वळचणीकडून आढ्याकडे जायचं. वरच्या ओळीचा जोड खालच्या जोडापासून निदान एक तृतीयांश रुंदी सरकवलेला हवा. दोन उतार आतल्या बाजूला मिळतात त्या पन्हळीत आधी काळ्या किंवा राखाडी जाड कागदाची दुमडलेली पट्टी बसवा, शिंगल तिच्यावर तिरक्या कापून आणा. खऱ्या छतावर तिथे पत्रा असतो. गोंद फक्त वरच्या टोकाला. ग्लू गन इथे मोह पाडते, पण तिचा जाड थेंब शिंगलला उचलून धरतो, आणि उन्हात तापलेल्या खोलीत तो थेंब मऊ पडून ओळी घसरतात.

विटांचा पाया हवा असेल तर स्टेन्सिलवर पसरायचा तयार विटांचा मसाला नीट बसतो: आधी विटांमधल्या सांध्यांच्या रंगाचा हात, वर स्टेन्सिल, मग मसाला, आणि तो ओला असतानाच स्टेन्सिल उचलायचं. भिंतींची वॉल पुट्टी जाड लावू नका. प्लाय थोडा लवचीक आणि पुट्टी कडक, घर उचललं की भेगा पडतात. गिलावा दाखवायचा तर मॅट ॲक्रिलिक रंगात चाळलेली बारीक वाळू पुरते.

रंग सॅटिन किंवा मॅट, चकचकीत कधीच नाही. चमक भिंतीवरची प्रत्येक खोड मोठी करून दाखवते. शेडकार्डवर आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी घ्या, लहान वस्तूवर तोच रंग गडद वाटतो. दोन पातळ हात, ब्रश फळीच्या लांबीने, मध्ये ३२० चा हलका पेपर. नक्षी वेगळी रंगवून मग चिकटवा.

हा सगळा खटाटोप नको असेल तर व्हरमाँटच्या रिअल गुड टॉइजची किटं बघा. भिंती ३/८ इंच जाड, काही किटांत फळ्या भिंतीवरच कोरून येतात, तयार खिडक्या नीट मावतात आणि भिंत वाकण्याची भीती बरीच कमी. किंमत आणि वजन जास्त, त्यामुळे भारतात मागवताना वाहतूक आणि सीमाशुल्क धरून हिशोब करा. एमडीएफचं घेतलं तर कापलेल्या कडा प्रायमरने आधी बंद करा, ओलावा तिथूनच शिरतो. रोलाइफ कंपनीची छोटी किटं या कामाला पर्याय नाहीत. त्यांत बहुतेक वेळा बाहेरची भिंतच नसते.

एखाद्या नातेवाइकाकडून अमेरिकेहून ग्रीनलीफ मागवणार असाल तर किटसोबत एकाच खेपेत फळ्यांच्या पट्ट्या, कोपऱ्यांच्या पट्ट्या आणि शिंगलची जादा पिशवी मागवा. लाखेपासून रंगापर्यंत बाकी सगळं आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.