ॲनिमोनसाठी भोकाचा सिरॅमिक दगड: घ्या, पण भोक बघून

बबल टिप ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा, पायाने चिकटून राहणारा समुद्री जीव) आज काचेवर, उद्या पंपाजवळ, ही तक्रार मुंबईतल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत नेहमीची. त्यावर उपाय म्हणून दुकानदार भाजलेल्या सिरॅमिकचा भोकाभोकांचा दगड पुढे करतात. दगड कामाचा आहेच. पण ॲनिमोनला धरून ठेवतं ते भोक, आणि पुष्कळ दगडांत नेमकं तेच चुकलेलं असतं.

बबल टिप आपला पाय फटीत खोल रोवतो आणि भुजा तेवढ्या उजेडात पसरतो. काही खुपलं की अख्खं अंग आत ओढून घेता यावं, एवढी जागा त्याला लागते. म्हणून भोकाचं तोंड ३ ते ४ सेंमी, खोली ६ ते ८ सेंमी आणि आतून थोडं वळण हवं. भोक आरपार असलं की फसगत होते. पाय मागच्या बाजूने बाहेर येतो, ॲनिमोन उलट्या अंगाला फुलतो आणि समोरून दिसतो नुसता दगड. आरपारच मिळाला तर मागचं तोंड मत्स्यालयाच्या एपॉक्सी पुटीने बुजवा, नळकामाची पुटी नको. तोंडाच्या कडेवरून नख फिरवा. अडकलं तर पॉलिश पेपरने कड गोल करून घ्या. पायाला चीर गेली की तिथूनच सडायला सुरुवात होते.

सिरॅमिक घेण्याचं आणखी एक कारण म्हणजे दगडी प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही घरी आणू नये. शंका आली तर व्हिनेगरचा थेंब टाका. प्रवाळ फसफसतो, सिरॅमिक गप्प राहतं.

दगड दोन-तीन दिवस आरओच्या पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला. टाकीत तो वाळूवर ठेवू नका, थेट तळाच्या काचेवर टेकवा आणि मग भोवती वाळू लोटा, नाहीतर डुगडुगतो. काचेपासून आणि बाकीच्या खडकांपासून १५ सेंमी तरी अंतर राहू द्या. वाळू ओलांडायचा ॲनिमोनला कंटाळा असतो. बेट केलं की भटकणं बरंच कमी होतं, अगदी थांबतं असं नाही. ॲनिमोन सोडताना वेव्हमेकर (टाकीत लाटा करणारा पंप) बंद करा, पाय भोकाच्या तोंडाशी ठेवा आणि वर भांड्यांच्या दुकानात मिळते तसली छोटी जाळीदार प्लास्टिकची टोपली पालथी घाला. पाय धरला की टोपली काढा आणि प्रवाह हळूहळू वाढवा. वेव्हमेकरला जाळी किंवा स्पंज हवाच. पंख्यात कापला गेलेला एक ॲनिमोन अख्ख्या टाकीचं पाणी नासवू शकतो.

दगड चोख असूनही ॲनिमोन निघाला, तर कारण दगडाबाहेर शोधा. तो उजेडाकडे चढत असेल आणि ताणून लांबट झाला असेल, तर दिवा कमी पडतोय. सावलीत घुसत असेल तर जास्त होतोय. नवा दिवा ४० टक्क्यांवर सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवावा. मुंबईत तिसरं कारण मोठं: एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांच्या वर जातं. टाकीवर पंखा लावला की तापमान उतरतं, पण पाणी उडतं. १०० लिटरच्या टाकीतून ३ लिटर उडालं की क्षारता ३५ वरून ३६ पीपीटीवर (हजार भागांत किती भाग मीठ) जाते, आणि ते एकदम भरून काढलं की तितकीच झपकन खाली येते. हे रोजचे हेलकावे ॲनिमोनला बसू देत नाहीत. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावा, जमलं तर पाणी थंड करणारा चिलर. तापमान २५ ते २७ अंश ठेवा. भरायला आरओ-डीआयचंच (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं) पाणी घ्या, महापालिकेचं क्लोरीनचं नको. टाकी सहा महिन्यांहून कोवळी असेल तर ॲनिमोन आणूच नका.

हॅडोनी कार्पेट या दुसऱ्या जातीच्या ॲनिमोनसाठी मात्र हा दगड घेऊ नका. तो पाय वाळूत पुरतो, त्याला १० ते १५ सेंमी वाळू लागते.

कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला जाऊन ॲनिमोन घ्याल, तेव्हा तोंड घट्ट मिटलेलं आणि भुजा चिकट आहेत ना, ते पाहा. दुकानदार काचेवरून पट्टीने खरवडायला लागला तर थांबवा. दगडावर बसलेला असेल तर दगडासकट मागा. काचेवर असेल तर पायाच्या कडेला बोटाच्या पेराने हळूहळू उचलू द्या. दहा-पंधरा मिनिटं लागली तरी लागू देत.