उभ्या गाडीला पेट्रोलचा वास: गळती की नुसती वाफ?

पहिला निर्णय एवढाच: गाडी चालवत गॅरेजला न्यायची की टो करून? पेट्रोल थेंबांनी बाहेर पडतंय की नुसती वाफ सुटतेय, यावर तो ठरतो.

वाफ असेल तर टाकी फुल केली की वास वाढतो, अर्ध्यावर आली की विरतो. मागच्या चाकाशी किंवा मागच्या सीटवर तो जास्त जाणवतो. झाकणाचं रबर चिरलेलं असतं किंवा टाकीतल्या पंपाचं सील दबून सैल झालेलं असतं. नोझल आपोआप बंद पडल्यावरही ‘राउंड फिगर करा’ म्हणत भरलेलं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये, म्हणजे टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्यात, शिरतं. आतला कोळसा भिजला की तो वाफ धरत नाही. झाकण सगळ्यात स्वस्त, आधी तेच बदला. मात्र फुल टाकीवर भरणाच्या नळीतून थेंबही पडतात, त्यामुळे खाली वाकून बघाच.

इंजिनकडच्या गळतीच्या वासाला टाकीच्या पातळीचं देणंघेणं नसतं. तो बॉनेटपाशी येतो आणि इंजिन बंद केल्या केल्या उग्र असतो, कारण पेट्रोलच्या लाइनमधला साधारण ३ बारचा (हवेच्या दाबाच्या तिप्पट) दाब लगेच उतरत नाही. जमिनीवर डाग नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, पेट्रोल उडून जातं. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या वरच्या टोकाशी, जिथे तो पेट्रोलच्या नळीला जोडलेला असतो, तिथे बघा: सगळीकडे धूळ आणि एवढाच भाग धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर तिथली ओ-रिंग (रबरी कडी) गेली. कडक झालेली ओ-रिंग थंडीत आकसून गळते, इंजिन तापलं की थांबते. गॅरेजवाल्याला मग काहीच सापडत नाही. उंदरांनी कुरतडलेला पाइप तर नेहमीचाच.

वास हलका असेल तरच गाडी उघड्यावर, बॉनेट उघडून, स्टार्ट न करता दोन-तीनदा चावी ऑन करा. दर वेळी पंप दोनेक सेकंद घुमतो, दाब चढतो. मग इंजेक्टरच्या वरच्या टोकाशी आणि पाइपच्या जोडांवर टिश्यू दाबा.

टिश्यू कोरडा, वास मागेच आणि खाली थेंब नाहीत, तर गाडी चालवत न्यायला हरकत नाही. तो ओला झाला, किंवा मुळात वासच उग्र असेल, तर स्टार्टरला हात लावू नका, टो करा. बेसमेंटमध्ये तर नक्कीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, फरशीलगत साचते. न्यूट्रल करून गाडी ढकलत बाहेर काढा.

दुरुस्तीत टेप किंवा साधी रबरी नळी चालवून घेऊ नका, ती ३ बार सोसत नाही. पंप उघडला तर सील नवंच, आणि इ-२०ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) चालणारं.